बर्फाच्या गावाचे चार ऋतू

माउंट टिटलिसच्या पायथ्याशी असलेलं एंगेलबर्ग हे छोटंसं गाव बर्फावर जगतं, असं आपल्याला वाटतं. पण बर्फ दरवर्षी थोडा थोडा वर सरकतो आहे आणि गाव मात्र जागच्या जागीच आहे. मग अशा गावानं वर्षभर जगायचं कसं?

युरोप टूरचं कोणतंही माहितीपत्रक उघडा. स्वित्झर्लंडच्या पानावर एक नाव हमखास दिसेल, माउंट टिटलिस. मे महिन्यात मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबादहून आलेली कुटुंबं केबल कारमध्ये बसून वर जातात. एकमेकांवर बर्फ उधळतात, फोटो काढतात, गरम चहा पितात आणि दुपारी बस पकडून पुढच्या शहराकडे निघतात. पण ज्या गावातून ती वर गेली, त्या गावाचं नाव विचारलं तर पुष्कळांना ते सांगता येत नाही.

ते गाव म्हणजे एंगेलबर्ग. नावाचा अर्थ 'देवदूताचा डोंगर'. मध्य स्वित्झर्लंडमधल्या ओबवाल्डन प्रांतातलं, जेमतेम चार-साडेचार हजार वस्तीचं गाव. गाव समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी उंचीवर. त्याच्या डोक्यावर मात्र ३,२३८ मीटर उंचीचा टिटलिस उभा आहे. खाली हिरवी दरी आणि वर हिमनदी, हीच या गावाची श्रीमंती. आणि हीच त्याची काळजीसुद्धा.

आधी उन्हाळा, मग हिवाळा

आल्प्समधलं पर्यटन म्हणजे स्कीइंग, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण इतिहास नेमका उलटा आहे. पाहुणे आधी उन्हाळ्यात येत होते. हिवाळा नंतर आला.

एंगेलबर्गची सुरुवात एका मठापासून झाली. ११२० साली इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ स्थापन झाला. १७९८ पर्यंत या दरीवर मठाच्या प्रमुखाचीच सत्ता होती. लोक गाई राखत, गवत कापत, चीज बनवत. अठराव्या शतकात टिटलिसच्या माथ्यावर माणूस पोहोचला, तोही इथूनच.

एकोणिसाव्या शतकात शहरांमधले धूर आणि आजारपण वाढलं, तशी युरोपातली श्रीमंत मंडळी हवापालटासाठी डोंगरात येऊ लागली. एंगेलबर्गची ख्याती होती ती शुद्ध हवेसाठी आणि चीज बनवताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यासाठी. ते प्यायल्यानं तब्येत सुधारते, असा तेव्हा समज होता. मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. १८९८ मध्ये रेल्वे आली. हा सगळा कारभार उन्हाळ्याचा. थंडी पडली की हॉटेलांना कुलूप लागायचं.

हिवाळ्यातही पाहुणे आणता येतील, ही कल्पना आल्प्समध्ये रुजली ती सेंट मोरिट्झमुळे, असं मानलं जातं. तिथल्या योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकानं १८६४ मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावल्याची गोष्ट सांगतात. 'हिवाळ्यात येऊन पाहा, आवडलं नाही तर तुमच्या प्रवासाचा खर्च मी देईन!' पाहुणे आले आणि वसंत ऋतूपर्यंत मुक्काम ठोकून राहिले म्हणे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एंगेलबर्गच्या हॉटेलांनीही हिवाळ्यात दारं उघडी ठेवायला सुरुवात केली. १९१३ मध्ये गावातून गेर्शनिआल्पच्या कुरणापर्यंत डोंगरी रेल्वे सुरू झाली. १९२७ मध्ये तिथून ट्र्यूबझे तलावापर्यंत केबल कार लागली. प्रवाशांसाठीच्या स्वित्झर्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या केबल कारपैकी ती एक. १९६७ मध्ये ही वाट थेट टिटलिसच्या हिमनदीपर्यंत पोहोचली. १९९२ मध्ये 'रोटएअर' आली, वर जाता जाता स्वतःभोवती पूर्ण फिरणारी जगातली पहिली केबल कार. या प्रवासात स्कीइंग गावाचा राजा होऊन बसला.

पण हा राजा तसा नवाच. गावाच्या नऊशे वर्षांच्या इतिहासात त्याचा वाटा शंभर-सव्वाशे वर्षांचा. आज 'बारमाही पर्यटन' हा नवा मंत्र म्हणून सांगितला जातो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. गाव एका अर्थानं आपल्या जुन्या उन्हाळ्याकडेच पुन्हा वळून पाहत आहे.

बर्फाचं साधं गणित

हे वळून पाहणं हौसेचं नाही. त्यामागे गणित आहे.

स्कीइंगच्या धंद्यात 'शंभर दिवसांचा नियम' म्हणून एक ठोकताळा वापरतात. दहापैकी किमान सात हिवाळ्यांमध्ये, शंभर दिवस तरी, जमिनीवर ३० सेंटिमीटर बर्फ टिकत असेल, तर ते ठिकाण भरवशाचं. आल्प्समध्ये साधारण १,२०० मीटरच्या वर हा भरवसा धरता येतो, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात म्हटलं होतं. तापमान एका अंशानं वाढलं की ही रेषा सुमारे १५० मीटर वर सरकते.

त्या अहवालात आल्प्समधल्या ६६६ स्की-केंद्रांचा हिशेब होता. तेव्हा ६०९ ठिकाणी नैसर्गिक बर्फाचा भरवसा होता. तापमान दोन अंशांनी वाढलं तर ही संख्या ४०४ वर येते आणि चार अंशांनी वाढलं तर २०२ वर. प्रत्येक आकड्यामागे एक गाव आहे. तिथलं हॉटेल, स्की शिकवणारे शिक्षक, बेकरी, शाळा आणि बसचा ड्रायव्हर आहे.

मशीननं बर्फ बनवता येत नाही का? येतो. स्वित्झर्लंडमधल्या जवळपास निम्म्या स्की-उतारांवर आज तशी सोय आहे. पण त्यासाठी पाणी लागतं, वीज लागते आणि मुख्य म्हणजे हवा शून्याच्या खाली गेलेली असावी लागते. थंडीच पडली नाही तर मशीन तरी काय करणार?

उंचावरच्या हिमनद्याही सुरक्षित नाहीत. २०२२ आणि २०२३ या अवघ्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांमधला सुमारे १० टक्के बर्फ वितळून गेला. झेरमाट हे गाव वर्षाचे ३६५ दिवस स्कीइंगसाठी प्रसिद्ध. पण २०२२ च्या जुलैअखेरीस तिथलंही उन्हाळी स्कीइंग थांबवावं लागलं होतं.

टिटलिसवर उन्हाळ्यात हिमनदीच्या काही भागावर पांढरं जाड कापड अंथरलेलं दिसतं. लहान मुलाला गोधडी पांघरावी, तसं. फरक इतकाच, की ही गोधडी ऊब देण्यासाठी नाही, ऊन अडवण्यासाठी आहे. झाकलेल्या भागातलं वितळणं त्यामुळे निम्म्याहून कमी होतं. मग सगळ्याच हिमनद्या झाकून टाकाव्यात? शास्त्रज्ञांनी तोही हिशेब केला आहे. त्याचा खर्च वर्षाला एक अब्ज स्विस फ्रँकच्याही वर जाईल. म्हणजे कापडानं स्कीचा एखादा उतार वाचतो, हिमनदी वाचत नाही.

एंगेलबर्गचं नशीब एवढंच, की त्याच्याकडे उंची आहे. वर ३,००० मीटरवर साधारण ऑक्टोबर ते मे स्कीइंग चालू राहतं. पण गाव स्वतः १,००० मीटरवर, म्हणजे भरवशाच्या रेषेच्या खालीच आहे. तिथे हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडला, तर गावातला हिवाळा कोरडाच जातो.

चार ऋतू, चार दुकानं

यावर गावानं शोधलेला उपाय साधा आहे. एकाच मालावर दुकान चालवायचं नाही.

हिवाळा : डिसेंबर ते मार्च ही स्कीइंगची मुख्य वेळ. डिसेंबरमध्ये, नाताळच्या आधी इथल्या भल्यामोठ्या उतारावर स्की-जंपिंगच्या जागतिक स्पर्धा होतात. माणसं पक्ष्यासारखी हवेत झेपावतात आणि खाली गर्दी घंटा वाजवत ओरडत असते. स्की न येणाऱ्यांसाठी बर्फातल्या पायवाटा, घसरगाड्या आणि टायरवर बसून घसरण्याची मजा असते.

वसंत : एप्रिल-मे हा अवघड काळ. खाली बर्फ वितळलेला असतो, वर पायवाटा अजून ओल्या आणि निसरड्या. स्कीवाले परत गेलेले, ट्रेकवाले अजून आलेले नाहीत. आल्प्समधली कितीतरी गावं या दिवसांत दारं लावून घेतात. एंगेलबर्गमध्ये मात्र नेमके याच वेळी पाहुणे येतात. ते कोण, ते पुढे पाहू.

उन्हाळा : जूनमध्ये गाई वरच्या कुरणांवर जातात. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज दरीभर ऐकू येतो. ट्र्यूबझे तलावात होडी वल्हवता येते, काठाकाठानं लहान मुलांनाही फिरता येतं. गेर्शनिआल्पहून खाली येण्यासाठी जाड चाकांच्या ट्रॉटी बाइक मिळतात. त्यांना पेडल नसतं आणि बसायला सीटही नसते. फक्त ब्रेक धरायचा आणि उतारावर सोडून द्यायचं. समोरच्या ब्रुन्नीच्या डोंगरावर एका छोट्या तलावाभोवती अनवाणी चालायची वाट आहे. वाळू, खडे, लाकूड, चिखल असं पायाखाली सतत काहीतरी बदलत राहतं. म्हणूनच तिचं नाव 'गुदगुल्यांची वाट'. आजी-आजोबा आणि नातवंडं दोघांनाही जमेल अशी ही जागा आहे.

शरद : सप्टेंबरमध्ये गाई फुलांनी सजून वाजतगाजत खाली येतात. आपल्याकडे पोळ्याला बैल सजतात, ते डोळ्यांसमोर आणा. झाडं पिवळी-तांबूस होतात, हवा स्वच्छ असते आणि गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबरमध्ये केबल कार काही दिवस देखभालीसाठी बंद ठेवतात आणि गावाला थोडा श्वास घेता येतो.

आणि मठ? तो बारा महिने उघडा असतो. त्याच्या चर्चमधला ऑर्गन स्वित्झर्लंडमधला सगळ्यात मोठा मानला जातो. मठाच्या आवारातच चीजचं कारखानावजा दुकान आहे. काचेपलीकडे दुधाचं चीज होताना दिसतं. तिथलं घंटेच्या आकाराचं चीज प्रसिद्ध आहे. पाऊस पडो की बर्फ, ही दोन्ही ठिकाणं पाहता येतात. बारमाही पर्यटनात हवामानावर अवलंबून नसलेल्या अशा जागांना फार महत्त्व असतं.

याला अजून एक बाजू आहे. आपण फोटोत पाहतो ती हिरवीगार कुरणं आपोआप राहत नाहीत. गाई तिथे चरल्या नाहीत, शेतकऱ्यानं उभ्या उतारावर गवत कापलं नाही, तर काही वर्षांत तिथे झुडपं माजतात. म्हणून स्विस सरकार डोंगरातल्या शेतकऱ्यांना त्यासाठी अनुदान देतं. आल्प्समध्ये हिवाळ्यात स्कीच्या लिफ्टवर काम करणारी आणि उन्हाळ्यात गाई पाहणारी माणसं आजही आहेत. बारमाही पर्यटन हा शब्द नंतर आला. ही माणसं बारमाही कधीपासूनच होती.

मे महिन्यातले पाहुणे

आता ते वसंतातले पाहुणे. ते म्हणजे आपण!

आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. नेमकी तीच वेळ आल्प्समध्ये रिकामी. आपल्याला उकाड्यातून सुटका हवी आणि बर्फ 'हात लावून' पाहायचा आहे. त्यांना रिकाम्या खोल्या भरायच्या आहेत आणि टिटलिसवर बर्फ बारा महिने आहे. असं गणित जुळायला नशीब लागतं.

त्यात सिनेमानं भर घातली. १९६४ च्या 'संगम'पासून हिंदी सिनेमाला स्वित्झर्लंडची ओढ लागली. काश्मीरमधली परिस्थिती बिघडल्यावर तर बर्फातली गाणी आल्प्समध्येच चित्रित होऊ लागली. १९८९ मध्ये 'चांदनी' आला, १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. जो सिनेमा मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये वर्षानुवर्षं चालत राहिला, त्यातल्या राज-सिमरनचे मोठे कटआउट टिटलिसच्या गच्चीवर उभे आहेत आणि त्यांच्याशेजारी फोटो काढायला रांग लागते. वर भारतीय जेवणही मिळतं. ३,००० मीटरवर, बर्फात उभं राहून, मसाल्याचा वास आला की घरची आठवण येणारच.

पाहुणे वाढले तशी आकर्षणंही वाढली. डिसेंबर २०१२ मध्ये 'टिटलिस क्लिफ वॉक' हा झुलता पूल सुरू झाला. समुद्रसपाटीपासून ३,०४१ मीटरवर, १०० मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर रुंद. खाली पाहिलं तर सुमारे ५०० मीटर खोल दरी. गेर्शनिआल्पच्या डोंगरी रेल्वेच्या शंभरीनिमित्त तो बांधला गेला. लक्षात घ्या, या पुलावर चालायला स्की येण्याची गरज नाही. बारमाही पर्यटनाची खरी गोम हीच आहे. बर्फावर घसरता न येणाऱ्यालाही डोंगरावर यावंसं वाटलं पाहिजे.

एकखांबी तंबूचा धोका

पण एका ऋतूवर विसंबणं जसं धोक्याचं, तसंच एका प्रकारच्या पाहुण्यांवर विसंबणंही. २०२० मध्ये कोरोना आला, विमानं थांबली आणि भारत-चीनसह आशियातून येणारे ग्रुप एका झटक्यात बंद झाले. टिटलिसला त्याचा मोठा फटका बसला. त्या काळात आधार दिला तो देशातल्याच, शेजारच्या शहरांमधून आलेल्या स्विस पाहुण्यांनी. खांब एकच असेल, तर तो बर्फाचा असो की परदेशी ग्रुपचा, वारा सुटला की तंबू डगमगतोच.

दुसरा प्रश्न गर्दीचा. ब्रिएन्झ तलावाकाठच्या इझेल्टवाल्ड या चिमुकल्या गावात एका कोरियन मालिकेमुळे एवढी झुंबड उडाली, की २०२३ पासून तिथल्या धक्क्यावर फोटो काढायला पाच फ्रँक द्यावे लागतात. बारमाही पर्यटन म्हणजे गावाला बारा महिने पाहुणे. मग गावकऱ्यांनी निवांत कधी बसायचं?

तिसरा प्रश्न घरांचा. सुट्टीसाठी घेतलेली आणि वर्षातला बराच काळ बंद असलेली घरं वाढली, की गावातल्या तरुण जोडप्याला, नर्सला, शिक्षकाला परवडणारं घर मिळत नाही. म्हणून मार्च २०१२ मध्ये स्विस जनतेनं मतदान करून ठरवलं, की एखाद्या गावातल्या एकूण घरांपैकी २० टक्क्यांपेक्षा जास्त घरं अशी 'दुसरी घरं' असू नयेत. कायदा झाला, तरी जुना प्रश्न एका दिवसात सुटत नाही.

आणि चौथा प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. हजारो किलोमीटर विमानानं जाऊन आपण जो बर्फ पाहतो, तो वितळवण्यात त्या विमानाच्या धुराचाही वाटा आहे. म्हणून जाऊच नये का? तसं नाही. पण एवढ्या लांब जायचंच, तर चार तासांत परत फिरण्यात काय अर्थ आहे? बसनं आलेला ग्रुप वर जाऊन लगेच निघाला, तर गावाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. दोन रात्री राहणारं कुटुंब मात्र बेकरीतून पाव घेतं, मठातलं चीज चाखतं, संध्याकाळी गावातून फेरफटका मारतं. गाव वर्षभर जगतं ते अशा पाहुण्यांवर.

जायचं ठरवत असाल तर...

• मुलांना बर्फ दाखवायचा असेल, तर मे चालेल. डोंगरात चालायचं असेल, तर जूनअखेर ते सप्टेंबर निवडा. शांतता हवी असेल, तर सप्टेंबर उत्तम.

• नोव्हेंबरमध्ये जाणार असाल, तर केबल कारच्या देखभालीच्या तारखा आधी पाहून घ्या.

• ल्युसर्नहून एंगेलबर्गला थेट ट्रेन आहे. पाऊण तासाच्या आत पोहोचता. टूरच्या बसशिवायही ही सहल सहज जमते.

• तिकीट काढण्याआधी वरचा लाइव्ह कॅमेरा मोबाइलवर पाहा. गावात ऊन असलं तरी वर धुकं असू शकतं.

• ३,००० मीटरवर हवा विरळ असते. सावकाश चाला, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

• मे-जूनमध्येही वर कडाक्याची थंडी असते. एकावर एक घालता येतील असे कपडे, गॉगल, सनस्क्रीन आणि पाण्यानं न भिजणारे बूट हवेत.

• पाण्याची बाटली सोबत ठेवा. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, त्यामुळे महागडं पाणी विकत घ्यावं लागत नाही.

• कुरणातून जाताना फाटक उघडलं तर पुन्हा लावा. वासरू सोबत असलेल्या गाईच्या जवळ जाऊन सेल्फी नको.

टिटलिसवरचा बर्फ अजून काही वर्षं आपली वाट पाहील. पुढच्या पिढ्यांना तो किती दिसेल, हे फक्त एंगेलबर्गच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते इतकंच, की बर्फ असो वा नसो, आलेल्या पाहुण्याला गावात दोन दिवस रमावंसं वाटलं पाहिजे. नऊशे वर्षांपूर्वी इथे माणसं राहायला आली, तेव्हा त्यांनी स्कीचं नावही ऐकलं नव्हतं. दरी होती, पाणी होतं, गवत होतं. ते आजही आहे. पुढच्या वेळी माहितीपत्रकात 'माउंट टिटलिस' दिसलं, की त्याच्या पायथ्याचं गावही एकदा नकाशावर शोधा. आणि जमलं, तर तिथे एक रात्र मुक्काम करा.